लेकरांचं चिनी बोलणं सुटायलंय, घरीच वाचायला कसं शिकवू?

बार्शीरोड_लातूर
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतीच वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही साडेचार वर्षं चीनमध्ये सुझौला होतो. गेल्या दिवाळीत कायमचे लातूरला परत आलो. मोठी साडेसहा वर्षांची, धाकटा चार. मोठी तिथल्या बालवाडीत जायची, तिचं ऐकून धाकटाही. दोघं फाडफाड चिनी बोलायची, भांडणंसुद्धा चिनीतच. पण वाचता येत नाही. तिथे बालवाडीत पहिलीचा अभ्यास घ्यायचा नाही असा सरकारी दंडक आहे. २०१८ ला त्यांच्या शिक्षण मंत्रालयाने त्यासाठी मोहीमच काढली होती. अक्षरओळख पहिलीपासून, आणि नेमकं पहिलीच्या तोंडावर आम्ही इकडे.

आता मी चिनीत विचारलं की मोठी मराठीत उत्तर देते. धाकटा तर "मला नाही येत ते" म्हणून मोकळा. जीव तुटतो हो. वाटलं, वाचायला शिकली तर भाषा हातची जाणार नाही. म्हणून उन्हाळ्यात एकेका चिनी अक्षराची शंभर कार्डं केली. रोज दिवाबत्ती झाली की वीस कार्डांची परीक्षा. पंधरा दिवसांनी कार्डं गायब! परवा सासूबाईंनी ज्वारीच्या कोठीत हात घातला तर ज्वारीबरोबर झाड, डोंगर आणि तोंड वर आले. मोठीनेच पुरून ठेवली होती.

माझं स्वतःचं चिनी भाजीचा भाव करण्यापुरतं, वाचता येतात जेमतेम दीडशे अक्षरं. इथे शिकवणारं मला कोणी सापडलं नाही. पिनयिन म्हणजे रोमन लिपीतले उच्चार आधी घ्यावेत, की थेट अक्षरं? आणि अक्षराखाली देवनागरीत उच्चार लिहिला तर चालेल का?

(इथे चिनी अक्षरं टाकली की नुसते चौकोन दिसायलेत, म्हणून शब्दांत वर्णन करावं लागेल. सांभाळून घ्या.)

कडक_चहा_बीड
ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. लेकरांना आधी मराठी तर नीट वाचू द्या. चिनी शिकून लातुरात करणार काय? २०२० च्या शैक्षणिक धोरणात परदेशी भाषांची नावं दिलीत. कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन सगळ्या आहेत. चिनी नाही. शाळेत काडीचा उपयोग नाही.

शेंद्रा_जनरल_शिफ्ट
बीडकर, त्यांनी "शिकवू का" असं विचारलेलं नाही, "कसं" असं विचारलंय.

ताई, मी शेंद्र्याला मेंटेनन्समध्ये आहे. मशीनं चिनी, मॅन्युअल चिनी, येणारा इंजिनीअरही चिनी, त्यामुळे कामापुरतं शिकलो. देवनागरीचं म्हणाल तर आपल्याला एक मोठा फायदा आहे. पिनयिन १९५८ ला आलं ते चिनी लोकांच्या सोयीसाठी, इंग्रजी वाचणाऱ्यांसाठी नव्हे. त्यात बी लिहितात पण उच्चार आपला प, पी म्हणजे फ (दोन्ही ओठ मिटून, फॅनमधला नव्हे). डी म्हणजे त, टी म्हणजे थ. जी म्हणजे क, के म्हणजे ख. म्हणून बीजिंग हे खरं तर पेइचिंग. इंग्रज माणसाला हे प-फ, त-थ शिकताना घाम फुटतो, आपल्याला आईच्या दुधातून मिळालंय.

पुढे मजा आहे. जे म्हणजे चहातला च. क्यू म्हणजे छ. झेड म्हणजे चमच्यातला च! हा चहा-चमच्याचा फरक हिंदीवाल्यांना कळत नाही, आपण न शिकता करतो. सी म्हणजे तोच चमच्यातला च, पण श्वास सोडत. झेडएच आणि सीएच म्हणताना जीभ ट म्हणायला जिथे जाते तिथे न्यायची. एवढा तक्ता भिंतीला लावा, काम फत्ते.

परभणी_ते_सिंगापूर
अय्यो, तक्ता नका लावू! निदान लेकरांसमोर तरी नको.

शेंद्रा_जनरल_शिफ्ट
का बरं? चूक काय आहे त्यात?

परभणी_ते_सिंगापूर
चूक काहीच नाही, उलट झकास आहे. पण दादा, ती पोरगी साडेचार वर्षं तिथे राहिलीय. तिचे उच्चार तुमच्या-माझ्यापेक्षा चांगले आहेत. तक्ता आईला लागतो, लेकराला नाही.

माझ्या मुलाला इथे शाळेत चिनी आहे. सुरुवातीला मी हेच केलं, प्रत्येक अक्षराखाली पेन्सिलीने देवनागरी. पुस्तक धडाधड वाचायचा, मी खूश. एक दिवस ते पुस्तक वर्गात राहिलं, म्हणून वाचनालयातून तेच कोरं आणलं, तर पठ्ठ्याला पहिली ओळ येईना. वर्षभर तो चिनी वाचतच नव्हता, माझं देवनागरी वाचत होता. ओळखीची लिपी दिसली की डोळा तिकडेच धावतो. पिनयिनचंही तेच होतं, पण त्याची उशिरा गरज तरी पडते, शब्दकोश बघायला आणि फोनवर टाइप करायला. देवनागरी लिहायचीच असेल तर कार्डाच्या मागे लिहा, स्वतःसाठी.

बार्शीरोड_लातूर
तक्ता कोणाला लागतो याचा निकाल आमच्या घरी कालच लागला. शेंद्र्याच्या दादांचं वाचून मी मोठ्या ऐटीत "सात वाजले" असं चिनीत म्हणाले. मोठी खो खो हसायला लागली. सात म्हणजे छी, चहाच्या जागेवरून. मी जीभ ट कडे नेली, त्यामुळे ते झालं खाणे. म्हणजे "खायचे वाजले". मग तिने मला चारदा म्हणून दाखवलं, मास्तरणीच्या आविर्भावात. कित्येक महिन्यांनी ती आपणहून चिनी बोलली, तीही माझी चूक काढायला!

अंबाजोगाईचे_गुरुजी
ताई, तुमच्या शेवटच्या वाक्यात तुमचं उत्तर आहे.

मी एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, त्यातली बहुतेक पहिलीच्या वर्गावर. चिनी मला शून्य येतं. पण लेकरू वाचायला कसं लागतं आणि कशानं बिथरतं, हे पाहिलंय. तुमची लेक अक्षरांना कंटाळली नव्हती, "हे काय? ते काय?" याला कंटाळली होती. लातूरकर आहात म्हणून लगेच टेस्ट सिरीज लावायची का? लातूर पॅटर्न बारावीला ठीक आहे.

आम्ही अक्षरं शिकवायचो ती अ आ इ या क्रमाने नव्हे, ग म भ न असा वळणाचा क्रम. ग आला की त्याच हाताने म, मग भ, मग न. दुसऱ्या दिवशी लगेच गमन, मगन, नग असे शब्द. लेकराला वाटतं, अरे, मला वाचता येतंय! चिनीत असे एकमेकांतून निघणारे आकार आहेत का? असतील तर तिथून सुरू करा. तुमची शंभर कार्डं बहुधा शब्दांच्या यादीवरून केली असणार.

दुसरं, आमच्या वडिलांच्या काळी धूळपाटी असायची. पाटीवर बारीक माती पसरून बोटाने गिरवायचं. चुकलं की हात फिरवला, संपलं. वहीत चूक राहते, धुळीत राहत नाही. लहान लेकराला तेच बरं.

नांदेड_वॉर्ड_नं_४
गुरुजी, आहेत की! मी एमबीबीएस चीनमधून केलं. वर्ग इंग्रजीत असले तरी वॉर्डातला पेशंट चिनीतच कण्हतो, त्यामुळे शिकावंच लागलं. पहिले सहा महिने प्रत्येक अक्षर वेगळं चित्र म्हणून पाठ केलं आणि विसरलो. मग कळलं की बहुतेक अक्षरं दोन तुकड्यांची असतात. एक तुकडा अर्थाकडे बोट दाखवतो, दुसरा उच्चाराकडे.

लहानांसाठी आधी सोपी चित्रं घ्या. झाड म्हणजे मू, उभ्या खांबाला आडवी रेघ आणि खाली दोन तिरप्या मुळ्या. दोन झाडं शेजारी काढली की लिन, म्हणजे राई. तीन काढली की सन, म्हणजे दाट जंगल. माणूस म्हणजे रन, नुसत्या दोन तंगड्या. तो आखडून झाडाला टेकला की शिऊ, म्हणजे विसावा. चौकोन म्हणजे तोंड, चौकोनात अधिकचं चिन्ह म्हणजे शेत.

मग उच्चाराची कुटुंबं. माझं लाडकं कुटुंब छिंग. एकट्याचा अर्थ हिरवा-निळा असा. त्याला डावीकडे पाण्याचे तीन थेंब लावले की स्वच्छ, नितळ. सूर्य लावला की निरभ्र. बोलण्याची खूण लावली की "कृपया". काळीज लावलं की भावना. सगळ्यांचा उच्चार छिंगच, फक्त सूर वेगळा. डोळा लावला की मात्र चिंग होतं, म्हणजे बुबुळ. एक मूळ आकार आला की पाच अक्षरं पदरात. गुरुजी, हे तुमचं ग म भ न च झालं की नाही?

कोटणीस डॉक्टर आपल्या सोलापूरचे. १९३८ ला वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि १९४२ ला तिथेच वारले. त्यांच्या मुलाचं नाव यिनह्वा. यिन म्हणजे भारत, ह्वा म्हणजे चीन. मी जोडून वाचलेलं पहिलं नाव ते.

अंबाजोगाईचे_गुरुजी
वा डॉक्टर! तंतोतंत तेच.

रेघांचा क्रम कसा असतो? ते वळण लागलं नाही तर पुढे हात अडखळतो.

नांदेड_वॉर्ड_नं_४
आडवी आधी, मग उभी. वरून खाली, डावीकडून उजवीकडे. चौकोनात काही असेल तर आतलं भरून झाल्यावर तळाची रेघ. तिथे मुलांना सांगतात, आधी माणसं आत घ्या, मग दार लावा.

अंबाजोगाईचे_गुरुजी
म्हणजे आपल्या उलट. आपण शिरोरेषा शेवटी ओढतो. ताई, तुमची मोठी पहिलीत मराठीही शिकत असेल, तर ही एक गोष्ट तिला मुद्दाम दाखवा. दोन लिप्यांची गल्लत होईल म्हणून घाबरू नका. आपलं अक्षर आवाज सांगतं, त्यांचं बहुतेक अख्खा शब्द किंवा शब्दाचा तुकडा. गल्लत होईल ती इंग्रजी आणि पिनयिनची, कारण लिपी एक आणि उच्चार दोन. म्हणून पिनयिन थोडं मागे ठेवा असं माझं मत.

परभणी_ते_सिंगापूर
गुरुजींना दुजोरा. चीनमध्येच २०१६ पासून पहिलीचं जे नवं पुस्तक आलं, त्यात आधी अक्षरांचे धडे आहेत, पिनयिन त्यानंतर. पहिला धडाच आभाळ, जमीन, माणूस, तू, मी, तो. सहा अक्षरं.

लिहिण्याचं म्हणाल तर तिथल्या अभ्यासक्रमात पहिली-दुसरी मिळून सोळाशेच्या आसपास अक्षरं ओळखायची असतात, पण लिहायची त्यातली आठशेच. निम्मी. आपण इथे प्रत्येक ओळखलेलं अक्षर दहादा लिहून घेतो आणि लेकराचा हात दुखवतो.

कडक_चहा_बीड
सोळाशे! आपली बाराखडी किती बरी म्हणायची.

तरी माझा प्रश्न राहतोच. आपला आणि चीनचा संबंध काय?

अंबाजोगाईचे_गुरुजी
बीडकर, सातव्या शतकात ह्युएन त्संग पायी इकडे आला तेव्हा त्यालाही तिकडे कोणीतरी हेच विचारलं असेल. पुलकेशीच्या महाराष्ट्राबद्दल त्याने लिहून ठेवलंय. डोंगरात कोरलेल्या ज्या विहाराचं वर्णन केलंय, तो अजिंठाच असं अभ्यासक मानतात. संस्कृत शिकून, पोथ्या घेऊन ६४५ ला परत गेला आणि उरलेलं आयुष्य भाषांतरात घातलं. त्याच्या प्रवासावरून रचलेल्या कथेतलं माकड चिनी पोरांना आपल्या मारुतीइतकं ठाऊक असतं. ताईंच्या लेकरांनाही असेलच.

बार्शीरोड_लातूर
सुन वुखोंग! धाकट्याचा देव आहे तो. इथे मारुतीच्या देवळात नेलं तेव्हा मोठ्याने तेच नाव घेऊन ओरडला होता, पुजारीबुवा बघतच राहिले.

गुरुजी, तुमची धूळपाटी जरा बदलून केली. तिकडे बागेत म्हातारी माणसं लांब दांड्याचा ब्रश पाण्यात बुडवून फरशीवर अक्षरं काढतात, मोठी तासन् तास बघायची. म्हणून रंगाचा जुना ब्रश आणि तांब्याभर पाणी दिलं. मागच्या अंगणात शहाबादी फरशी आहे. "झाड काढ" असं मी म्हणायचंच नाही, असं ठरवलं होतं. स्वतःच एक काढलं आणि कपडे वाळत घालायला गेले. परत आले तर माझं झाड वाळून गेलेलं आणि तिची तीन झाडं ओली. मग खेळच सुरू झाला, वरची रेघ वाळायच्या आत तळाची काढून अक्षर पुरं करायचं. दुपारी अडीचच्या उन्हात दाट जंगल पुरं होत नाही, तिसऱ्या झाडापर्यंत पहिलं गेलेलं असतं.

कडक_चहा_बीड
लातुरात पाण्याने अक्षरं गिरवता? २०१६ ला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं, विसरलात का ताई 😄

बार्शीरोड_लातूर
एका तांब्यात चाळीस अक्षरं होतात, मोजलीत. आणि फरशी पुसली जाते ती वेगळीच.

शेंद्रा_जनरल_शिफ्ट
मी तक्त्याबद्दल माघार घेतो. त्याऐवजी माझ्याकडे दुसरा माल आहे. मशीनच्या पेट्यांवर, पॅनेलवर चिनी स्टिकर असतात, मी जपून काढून ठेवतो. चालू म्हणजे खाइ, बंद म्हणजे क्वान. दोन्ही जोडले की खाइक्वान, म्हणजे बटण. काचसामानाच्या पेटीवर "श्याओशिन" असतं, लहान आणि काळीज ही दोन अक्षरं, अर्थ सांभाळून. कुरिअरने पाठवू? तुमचा पत्ता इथे टाकू नका, निरोपात कळवा.

आणि सुरांबद्दल राहिलंच होतं. पहिला सूर सपाट, लांब धरलेला. दुसरा म्हणजे आपण दचकून "काय?" विचारतो तसा चढता. तिसरा खाली बुडी मारणारा, बाप "हंऽऽ" म्हणतो तसा. चौथा म्हणजे "गप!" मा हाच आवाज चार सुरांत आई, ताग, घोडा आणि शिवी देणे. हेही आईसाठीच, पोरीला येतं.

परभणी_ते_सिंगापूर
सांगायचं ते राहूनच जातंय. ताई, कान आधी. कानात नसलेला शब्द लेकरू वाचतं तेव्हा ते फक्त चित्राला नाव देतं. चिनीत दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, सगळी अक्षरं सलग. कुठे तोडायचं हे कानच सांगतो. त्यात एकाच अक्षराचे दोन उच्चार. लांब या अर्थी छांग, वाढणे या अर्थी तेच अक्षर चांग. वाक्य आधी ऐकलेलं असेल तर लेकरू चुकत नाही, कार्डावर मात्र हमखास चुकतं.

तिकडचं कोणी आहे का, लेकरांशी बोलणारं?

बार्शीरोड_लातूर
शेजारच्या आजी होत्या, जीव लावायच्या. पण तिकडे सगळं बोलणं वुईचॅट या चिनी अ‍ॅपवर, आणि ते आपल्याकडे २०२० पासून बंद. येताना फोन नंबर घेतला तो लागत नाही. नवऱ्याचे एक जुने सहकारी ईमेलवर आहेत, त्यांना विचारते.

परभणी_ते_सिंगापूर
विचाराच. मोठीकडे तिकडून आणलेली दोन-चार चित्रांची पुस्तकं असतीलच. आजींना तीच पुस्तकं वाचून आवाज भरून पाठवायला सांगा, पानागणिक थांबून. तुम्ही फक्त बोट फिरवायचं. तेच पुस्तक वीस वेळा झालं तरी चालेल, नवं नको. आणि मध्ये थांबून "हे कोणतं अक्षर?" अजिबात विचारायचं नाही.

नांदेड_वॉर्ड_नं_४
परीक्षा द्यायचीच हौस असेल तर मुलांसाठी वायसीटी नावाची आहे, पहिल्या पातळीला फक्त ८० शब्द.

अंबाजोगाईचे_गुरुजी
डॉक्टर, तुम्ही पेशंट बघा.

बार्शीरोड_लातूर
महिनाभराने येतेय. वाट बघायला लावली, माफ करा.

आजींचा आवाज आला! चार पुस्तकं, मागे कोंबडा आरवतोय. पहिल्या रात्री मोठी ऐकता ऐकता रडली, म्हणून दोन दिवस बंद ठेवलं. तिसऱ्या दिवशी तिनेच मागितलं. आता रोज रात्री एक. बोट मी फिरवते, पण आजींपेक्षा मागे पडते, मग ती माझं बोट धरून पुढे नेते. चाळीसेक अक्षरं कुठेही दिसली तरी वाचते. हे मी विचारून मोजलेलं नाही, अंगणातली फरशी बघून मोजलंय.

शेंद्र्याच्या दादांची लेबलं घरभर लागलीत. खाइ-क्वान बटणांवर. परवा रात्री लाईट गेली. धाकटा काळोखात बटणाजवळ मोबाईलचा उजेड धरून ओरडायला लागला, "आई, खाइ आहे, खाइच आहे, मग उजेड का नाही?" वाचून दाखवत होता हो तो! मोठीने शांतपणे सांगितलं, "लाईटवाल्यांनी क्वान केलंय."

आणि एक. सासूबाई भाकरी थापत होत्या, मोठीने विचारलं ज्वारीला काय म्हणतात. सुझौला कधी खाल्लीच नव्हती, मला कुठून येणार? प्लेको या चिनी शब्दकोशाच्या अ‍ॅपवर शोधलं. काओलियांग. काओ म्हणजे उंच, ते तिला येत होतं. लियांगचं अक्षर फार गुंतागुंतीचं, मला वाटलं सोडून देईल. तिने खालच्या भागावर बोट ठेवलं, "हा तांदूळ आहे. म्हणजे खायचं धान्य." खरंच तळाशी ‘मी’ म्हणजे तांदळाची ती खूण होती, अधिकच्या चिन्हाच्या चार कोपऱ्यांत चार रेघा. कोणी शिकवलं नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "म्हंजी ज्वारी तिकडंबी हाय व्हय?"

कडक_चहा_बीड
आहे तर काय करतात तिची? भाकरी?

नांदेड_वॉर्ड_नं_४
उत्तरेकडे पूर्वी खायचे. आता मुख्यतः दारू काढतात. जहाल असते.

कडक_चहा_बीड
आता कुठे या भाषेत मला रस यायलाय.

अंबाजोगाईचे_गुरुजी
ताई, ती कोठीतली कार्डं काय केली?

बार्शीरोड_लातूर
तशीच आहेत गुरुजी. मी काढली नाहीत. सासूबाई ज्वारी काढताना एखादं वर येतं, मग ती धावत येऊन वाचते आणि परत पुरते.

शेंद्रा_जनरल_शिफ्ट
गुरुवारी नवा कंटेनर उतरतोय. अजून काही लेबल हवंय का?

बार्शीरोड_लातूर
"दार आपटू नका" असं काही असेल तर बघा. धाकट्याच्या उंचीला लावायचंय.